वरताण

रेवा, परवा फोनवर तुझी आई तुझी तक्रार करत होती, "आई, ही माझ्यावर वरताण आहे," आणि तू फोनच्या पडद्याच्या कोपऱ्यातून डोकं घालून विचारलंस, "आजी, ते चांगलं की वाईट?" मी घाईघाईनं "दोन्ही" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर ते उत्तर माझं मलाच पटेना. तुला आणि ईशानला मी आजवर जे शब्द शिकवले ते वस्तूंचे होते. पोळपाट, चिंच, चाळणी. त्यांच्याकडे बोट दाखवता येतं. ह्याच्याकडे येत नाही. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं असल्यानं मी आधी त्या भाषेतच जोड शोधली. 'एक्सेल' फार सभ्य वाटलं, जणू कुणी बक्षीस समारंभात बोलतंय. 'आउटडू' जरा जवळ आलं, पण त्यात आमच्या आत्याचा आवाज नव्हता, आणि आत्याच्या आवाजाशिवाय हा शब्द मला ऐकूच येत नाही. तेव्हा अर्थ बाजूला ठेवते आणि आमच्या घरात तो कसा वापरला जायचा ते लिहिते. तुमची आई वाचून दाखवील. कंटाळून मधलं गाळायला लागली तर तिला मागं न्या.

आमचं घर कन्हेरीला मळ्यात होतं. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, कालव्याच्या पाण्यावर वांगी, दोडकी, घेवडा करायचे, आणि घराच्या मागं पेरूची बाग होती. माल बारामतीच्या बाजारात जायचा. घरात आबा, आई, माझ्याहून मोठी सुलभाताई, मी, आणि आबांची थोरली बहीण. तिला आम्ही नुसतं आत्या म्हणायचो. ती फार लवकर विधवा होऊन माहेरी आली होती आणि घरातला शेवटचा शब्द तिचा असायचा. त्यातही तिचा लाडका शब्द हा. एक वांगं बाजूला ठेवून दुसरं उचलायची आणि म्हणायची, "ह्ये बघा, त्याच्यावर वरताण." मांजरीच्या पिल्लानं दुधाचं झाकण सरकवलं की "आयशीवर वरताण हाय गं ही." कालच्या उन्हावर आजचं ऊन वरताण, शेजारणीच्या लोणच्यावर आमचं वरताण, आणि मी उलट उत्तर दिलं की "ही तर माझ्यावर वरताण निघाली," ह्यात राग किती आणि अभिमान किती ते तिच्या भुवया बघून ठरवावं लागे. ऐकून ऐकून माझ्या एक ध्यानात आलं. चांगलं व्हायला माणूस एकटा पुरतो, वाईट व्हायलाही पुरतो. वरताण एकट्याला होता येत नाही. आधी कुणीतरी रेघ ओढून ठेवलेली लागते, मग ती ओलांडायची. आणि ज्यानं ती रेघ ओढली तो बहुतेक वेळा तिथंच, शेजारी उभा असतो.

ताईला मात्र आत्या कधी वरताण म्हणाली नाही. ताई गरीब होती असं लोक म्हणायचे. मला ते खरं वाटत नाही. ती फक्त कमी बोलायची. तिला बागेत राहायला आवडे. पेरूवर राघू उतरले की ती गोफण फिरवून असा खडा सोडायची की अख्खा थवा उठायचा आणि एका पेरूलाही धक्का लागायचा नाही. वाफ्यांची दारं धरायला, म्हणजे एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवायला, आबांना तीच लागायची. घरातली नाजूक कामं माझ्याकडे. मला एका जागी बसवत नसे, पण हातात कात्री आणि कागद दिला तर बसायची. अजूनही तसंच आहे. हे लिहिताना मी दोनदा उठून गॅस बंद आहे का बघून आले, आणि चहा तर सकाळीच झालाय.

ताईला वालचंदनगरचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात होता, निर्व्यसनी होता, आणि उंचीला ताईपेक्षा थोडा कमी होता, त्यावर दोन्ही बाजूंनी कुणी काही बोललं नाही. याद्या ठरवायला आम्ही त्यांच्या क्वार्टरमध्ये गेलो. दोन खोल्या, मागं अंगण, एक चूल. त्या घरात मुलाचे आईवडील, थोरला भाऊ, त्याची बायको नलूवहिनी आणि हा मुलगा. बाहेरच्या खोलीत भिंतीतलं काचेचं कपाट होतं आणि त्यात तांदळाच्या दाण्यांचं एक देऊळ. शिखर, सभामंडप, दीपमाळ, सगळं दाण्याला दाणा चिकटवून केलेलं. आम्ही त्याच्याकडे बघतोय म्हटल्यावर मुलाच्या आई, आमच्या होणाऱ्या विहीणबाई, चहाचा कप पुढं करत म्हणाल्या, "हे आमच्या थोरलीच्या रुखवतातलं. निमगाव केतकीची आहे ती. सगळं स्वतःच्या हातानं केलंय. अजून कॉलनीत ह्यावर वरताण कुणी केली नाही." नलूवहिनी दाराच्या आड उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला. आणि आत्याच्या हातातला कप तोंडापाशी जाऊन तिथंच थांबला.

तुम्हाला रुखवत सांगायला हवं. लग्नात नवरीकडची माणसं एका मोठ्या टेबलावर फराळाचे पदार्थ आणि हातानं केलेल्या शोभेच्या वस्तू मांडतात. लाडू, करंज्या, रंगीत कुरडया, शेवया, विणलेली तोरणं, बाहुल्या. नवरदेवाकडच्या बायका ते बघायला येतात. मांडणी मावश्यांनी केलेली असो, शेजारणींनी केलेली असो, म्हणायचं मात्र नवरीनं केलंय. सून किती गुणाची आहे ते त्यावरून ठरतं.

परतीची एस.टी. बारामतीला पोचली. स्टँडवर उतरल्याबरोबर आत्या म्हणाली, "ऐकलंस नव्हं इंदू? टोमणा मारला आपल्याला."

"कसला टोमणा, वन्सं?" आई म्हणाली. "त्या सुनेचं कवतिक करत होत्या."

"कवतिक घरातल्या घरात करत्यात. पाव्हण्यांम्होरं केलं की त्याला टोमणा म्हणत्यात. वरताण करून दावा, असंच म्हणाली ती बाई. मी काय बहिरी हाय?"

आबा थैली खांद्यावर टाकून म्हणाले, "आक्का, बाई चांगली हाय. च्या बी चांगला केलता."

"च्या नुसता साखरेचा पाक होता," आत्या म्हणाली. "तुला काय कळतंय त्यातलं."

त्या दिवसापासून घराला स्वस्थता राहिली नाही. चैत्र लागला होता. पहाटे उठून बघावं तर आत्या अंगणात, काल वाळत घातलेल्या शेवया उलट्या करतेय. कुरडयांसाठी गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, तो पातेल्यात शिजताना बद् बद् असा आवाज करायचा आणि आई दोन हातांनी लाकडी उलथनं धरून तो ढवळायची. वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून आम्हाला मिळे. एरवी मी त्यासाठी भांडले असते. त्या वर्षी उभ्याउभ्याच खायची. खाटांवर पापड, छपरावर सांडगे, दोरीवर रंगीत लोकरीची तोरणं. कावळे हाकलायला काठी घेऊन कुणीतरी सतत धावतंय, विहिरीवरचं इंजिन पुकपुक करतंय, आणि आत्या मधेच हातातलं काम टाकून, कुणी बोलावल्यासारखी, पुन्हा टेबलाच्या मापाचा विचार करतेय. "समदं झालं," ती म्हणायची, "पण देवळावर वरताण ह्यात कायबी न्हाय."

कारखान्याची कल्पना माझी. त्या कॉलनीत शिरताना मी साखर कारखान्याची उंच चिमणी पाहिली होती, आणि डोक्यात आलं, साखरेचाच साखर कारखाना करावा. पुठ्ठ्याच्या भिंती कापल्या, त्यांना डिंक लावून वर जाड साखर पेरली. खळ वापरून पाहिली होती, तिच्या ओलीनं साखर विरघळते. जुन्या कॅलेंडराची गुंडाळी करून चिमणी केली. ज्वारीच्या धाटातल्या गाभ्याच्या बैलगाड्या, त्यांत केरसुणीच्या हिरांची मोळी बांधून ऊस. फाटकाशी एक पगडीवाला, तो शेंगेच्या टरफलाचा. आणि चिमणीच्या आत खोचायची उदबत्ती, म्हणजे धूर निघेल. पहिल्यांदा धूर निघाला तेव्हा आत्या पाटावर बसली होती ती उठून उभी राहिली. मला जवळ घेतलं नाही, तशी तिला सवय नव्हती. म्हणाली, "चिमणी अजून वीतभर वाढव." मुंग्यांच्या भीतीनं आम्ही त्या टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते, आणि वाट्यांतलं पाणी आटलं तर नाही ना हे बघायला मी इतक्यांदा आत जायची की ताई म्हणाली, "तूच एक मुंगी हायेस."

ताई मात्र कारखान्याकडे येऊन बघायची आणि बागेत निघून जायची. मला वाटलं लग्नाची धास्ती असेल. खरं कारण नलूवहिनी आल्या त्या दिवशी समजलं.

त्या कापडखरेदीला बारामतीला आल्या होत्या आणि ताईच्या पोलक्याचं माप घ्यायला दुपारी आमच्याकडे आल्या. आत्यानं कारखान्याच्या खोलीचं दार ओढून घेतलं होतं, पण आईनं पाणी आणायला ते उघडलं आणि वहिनींच्या नजरेला साखर चमकली. त्या सरळ आत गेल्या. मी मागं, ताई माझ्या मागं. वहिनी खाली वाकून सगळं बघत होत्या. "अगं बया, ह्यो तर आमचा कारखाना! धूर निघतो व्हय चिमणीतनं?" मी उदबत्ती लावून दाखवली. त्या बघतच राहिल्या. ताईचा चेहरा उतरला होता. ज्या बाईबरोबर जन्मभर एका चुलीशी बसायचं, तिच्या देवळावर आम्ही मात करायला निघालोय हे तिला लपवायचं होतं, आणि ते असं उघडं पडलं होतं.

"वहिनी, राग आला असंल तर…" ताई म्हणाली.

"राग?" वहिनी वळल्या. दाराबाहेर आत्या नाही हे त्यांनी बघून घेतलं. "सुलभा, करा गं करा. त्या देवळावर वरताण होऊ द्या एकदाची. अगं, ते मी केलेलंच न्हाय. माझ्या आईनं आन् मामीनं केलं. मी नुसती डिंकाची वाटी धरून बसले होते. पर रुखवतातलं म्हंजी नवरीचं. आता कॉलनीत कुणाचं बारसं असू दे, डोहाळजेवण असू दे, आरास नलूनं करायची. येत न्हाय म्हणायची सोय राह्यली न्हाय. आन् काय बी केलं तरी सासूबाई म्हणणार, देवळाची सर न्हाय आली. कापूस आन् चमकी म्होरं घेतली की पळून जावंसं वाटतं." मग माप घ्यायला त्यांनी ताईचा हात उचलला आणि मनापासून, अगदी मोकळं हसून म्हणाल्या, "आता तू आलीस. मी सुटले बघ."

ताईचा हात मापाच्या दोरीतून खाली पडला.

संध्याकाळी मी तिला बागेत गाठलं. राघू नव्हते तरी ती गोफण फिरवत होती. "मंदे," ती म्हणाली, "मला ठिपक्यांची रांगोळी सुदिक येत न्हाय. तितं मला बसवत्याल धा बायकांत, कर म्हणत्याल. मी काय करू?" मी म्हटलं, शिकवते. आणि पुढचे दिवस मी तिला शिकवत राहिले. तिनं काढलेला मोर कोंबडीसारखा दिसायचा. आत्यानं एकदा उभं राहून तो नीट पाहिला आणि म्हणाली, "कोंबडी झ्याक हाय. मोर म्हणू नगो म्हंजी झालं." आम्ही तिघी हसलो. ताई सगळ्यात आधी थांबली.

एका दुपारी लाडू वळताना तिनं आईला सांगून टाकलं, "मला कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार न्हाय."

"नवरीला कोण विचारतंय?" आई म्हणाली. "नवरी बोलतच नसती. माझं रुखवत माझ्या मावशीनं केलतं. समद्यांला म्हायती असतंय."

"म्हायती असतंय, पर म्हणायचं नसतंय," आत्या म्हणाली.

"नलूवहिनींना बी आसंच सांगितलं आसंल कुणीतरी."

"मग काय कारखाना चुलीत घालू?" आत्याचा आवाज चढला. "पोरीनं डोळं फोडून केलाय."

"न्हाय आत्या. चांगलाच झालाय. मांडा. फकस्त माझा म्हणू नका."

"मग कुणाचा म्हणू? आबाचा?"

ताई उठून गेली. आईनं हातातला लाडू वळला, पुन्हा फोडला, पुन्हा वळला. त्या रात्रीपासून लग्नापर्यंत मला नीट झोप लागली नाही. कारखाना बघून लोकांनी तोंडात बोट घालावं असं मला वाटत होतं, आणि कुणीही ताईला काही विचारू नये असंही वाटत होतं. दोन्ही इच्छा एकाच वेळी पुऱ्या होणं शक्य नाही, हे कळण्याइतकी मी मोठी होते.

लग्न आमच्याच दारात लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली, आणि बायका रुखवताकडे निघाल्या. मी आधीच पुढं जाऊन उदबत्ती लावली होती. गर्दी झाली, मग पुरुषही आले. नवरदेवाच्या खात्यातले लोक गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघायला लागले. एकानं विचारलं, "बॉयलर कुठाय पण?" दुसरा म्हणाला, "दुरुस्तीला काढलाय," आणि मांडवभर हशा झाला. आत्या टेबलाच्या कोपऱ्याशी कमरेवर हात देऊन उभी होती, तिच्याकडे बघवत नव्हतं इतकी ती सुखात होती. विहीणबाई आल्या. त्यांनी पदर सावरला, फाटकातल्या पगडीवाल्यापासून चिमणीच्या टोकापर्यंत सगळं बघितलं. बाई, आबा म्हणाले तशी, चांगलीच होती, कारण तिनं काही हातचं राखलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाही, मानलं पाहिजे. आमच्या थोरलीच्या देवळावर वरताण आहे ही." शेजारी नलूवहिनी विड्याचं तबक घेऊन उभ्या होत्या आणि चेहरा लपवायला तबकाकडे बघत होत्या. मग विहीणबाईंनी ताईला पुढं ओढलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कॉलनीतल्या बायकांना सांगितलं, "यंदा कॉलनीच्या गणपतीची आरास आमची धाकटी करणार. मी आत्ताच शब्द देते."

"न्हाय," ताई म्हणाली.

आधी कुणाला कळलंच नाही की नवरी बोलली. मुंडावळ्या तोंडावर होत्या. तिनं त्या एका हातानं बाजूला केल्या. "शब्द देऊ नका. हे मी न्हाय केलं. माझ्या बहिणीनं केलंय. मला ह्यातलं कायबी येत न्हाय."

"थट्टा करतेय का हो ही?" विहीणबाईंनी आईला विचारलं.

"न्हाय," ताईनंच उत्तर दिलं.

आत्या पुढं झाली. "अवो, पोरीला ऊन लागलंय. उपाशी हाय सकाळधरनं."

"मला ऊन लागत न्हाय आत्या," ताई म्हणाली. "मी दिवसभर बागेतच असते."

विहीणबाईंनी ताईच्या पाठीवरचा हात काढून घेतला. गर्दीनं वाट दिली आणि त्या मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. चिमणीतून धूर येतच होता. मी चिमटीनं उदबत्ती विझवली, बोट भाजलं.

पुढं विहिणीची पंगत होती. वरमाय रुसली तर ती पंगतीला बसत नाही, आणि ती बसली नाही तर तो रुसवा मुलीच्या बरोबर सासरी जातो, हे मांडवातल्या पोराबाळांनाही माहीत होतं. आबा फेटा सारखा करत पंगतीशी उभे राहिले. आईनं रांगोळी घातलेल्या पाटाकडे तीनदा येऊन बघितलं. विहीणबाई आल्या, बसल्या, जेवल्या. आबांनी स्वतः जिलबी नेली, "विहीणबाई, अजून एक," तर त्यांनी पानावर हात आडवा धरला. रागानं की पोट भरलं म्हणून, कळायला मार्ग नव्हता. निघताना आमच्या लोकांनी कारखाना उचलून गाडीत ठेवायला घेतला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "राहू द्या तो. मुंग्या लागतील." ताई गाडीच्या खिडकीतून आमच्याकडे बघत होती. रडत नव्हती. तिचं सगळं रडणं बहुतेक आधीच होऊन गेलं होतं.

तेव्हा फोन नव्हते. ईशान, तू दोन मिनिटं उत्तर आलं नाही तर फोन हलवून बघतोस. आम्हाला मांडवपरतणीपर्यंत, म्हणजे लग्नानंतर मुलगी पहिल्यांदा माहेरी येते तोवर, काहीच कळणार नव्हतं. आबा न जेवता वांग्यात जायचे. रस्त्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला की आई हातातलं भांडं तसंच घेऊन फाटकापर्यंत जाऊन यायची. आत्या सगळ्यांवर चिडायची. "वरताण म्हणली व्हती बाई, समद्यांम्होरं म्हणली व्हती, आन् हिनं तोंड उघडलं," असं ती घरात फिरत पुटपुटायची, आणि मग मधेच थांबून मला विचारायची, "मारत तर नसत्याल नव्हं गं पोरीला?" कारखान्याला मुंग्या लागल्या. वाट्यांत पाणी घालायचं कुणालाच सुचलं नाही. भिंती झिजत गेल्या, गाड्यांवरून रांग चालली होती, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी फक्त एकच विचार करत होते, की आता तिथं, त्या दोन खोल्यांत, सकाळी उठल्यावर ताईशी कोण कसं बोलत असेल.

ताई आता इंदापूरला तिच्या मुलाकडे असते, गुडघ्यांनी बेजार आहे. मागच्या आठवड्यात हे लिहायला घेतल्यावर मी तिला विचारलं, तुला तेव्हा भीती वाटली नाही का? म्हणाली, "वाटली की. पर गणपती आल्यावर वाटली असती ती मोठी होती."

मांडवपरतणीला दाजी तिला सोडून आबांबरोबर बाग बघायला गेले. ताई हातपाय धुऊन ओट्यावर बसली. जरा वाळली होती. आईनं तिच्यापुढं पाणी ठेवलं, गूळ ठेवला, आणि काही विचारलं नाही. आत्याला तेवढा धीर नव्हता.

"बोलली का काय तुजी सासू?"

"बोलल्या."

"काय म्हणली?"

"पयल्या दिवशी सकाळी मला पाटावर बसवलं आन् स्वतः च्या केला. म्हणल्या, 'काल एवढ्या बायकांत माझा शब्द खाली पाडलास. खरं बोलायची एवढी हौस आहे ना तुला? मग सांग, चहा कसा झालाय.'"

"आगं देवा," आई म्हणाली. "मग?"

"मी म्हणलं, गोड लई झालाय."

आत्यानं कपाळावर हात मारला. "मग?"

"नलूवहिनी चुलीपाशी होत्या. त्यांनी पदर तोंडात कोंबला. मग पदर काढून त्या बी म्हणल्या, 'सासूबाई, मला बी गोडच लागतो. पयल्या दिवसापास्नं.'"

"आन् ती?"

"त्या वहिनींकडं बघत्यात, माझ्याकडं बघत्यात. म्हणल्या, 'आणि इतकी वर्षं ह्या घरात मला कुणी सांगितलं नाही?'" ताईनं गुळाचा खडा तोडला आणि तोंडात टाकला.

"मग?" आता मीच विचारलं.

"मग दुसऱ्या दिवशी मला करायला लावला. एक घोट घेतला आन् म्हणल्या, 'फुळकवणी झालाय.'"

"मग गं?"

"मग काय," ताई म्हणाली, "परत केला."